‘मिथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटतं’: इंग्रजीतल्या एका जुन्या क्रियापदाचा माग

“मावशी, हे चुकीचं छापलंय का गं?” भाचीने पुस्तक पुढे सरकवलं. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. ‘हॅम्लेट’मधल्या राणीचं वाक्य होतं: ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मिथिंक्स.’ म्हणजे, ही बाई जरा जास्तच शपथा घेते आहे, मला वाटतं.

भाचीचा आक्षेप रास्त होता. ‘मिथिंक्स’ची फोड केली तर ‘मी’ आणि ‘थिंक्स’. तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही चुका. कर्ता असेल तर ‘आय’ हवा. आणि ‘आय’पुढे क्रियापदाला ‘स’ लागत नाही, हे तर पाचवीतल्या मुलांनाही येतं. असं वाक्य तिने परीक्षेत लिहिलं असतं तर लाल रेघ ठरलेली. मग शेक्सपियरला ते कसं चाललं?

हल्ली हा शब्द समाजमाध्यमांवरही दिसतो. कुणी ऐटीत मत मांडायचं असलं की शेवटी ‘मिथिंक्स’ जोडतं. वापरणाऱ्यांची समजूत बहुतेक वेळा अशी असते की, जुन्या काळी ‘आय थिंक’ असं वाकडंतिकडं म्हणत असावेत. तसं नाही. शब्दाचं व्याकरण चोख आहे. आणि ते समजायला इंग्रज माणसाला जेवढे कष्ट पडतात तेवढे मराठी माणसाला पडू नयेत, कारण ते व्याकरण आपण रोज बोलतो.

## ‘थिंक्स’चा कर्ता कोण?

आधी एक घोटाळा दूर करू. इंग्रजीतलं ‘मी’ आणि आपलं ‘मी’ कानाला सारखंच, पण इंग्रजी ‘मी’चा अर्थ ‘मला’. आपल्या ‘मी’साठी त्यांच्याकडे ‘आय’ आहे. तेव्हा ‘मिथिंक्स’मधल्या पहिल्या अक्षराचं भाषांतर ‘मला’ असं करायचं.

आता आपली वाक्यं घ्या. मला आंबा आवडतो. मला कैरी आवडते. मला आंबे आवडतात. आवडण्याचा अनुभव माझा आहे, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते आंब्याकडे आणि कैरीकडे बघून बदलतं. मी बाई आहे की पुरुष, एकटी आहे की चारचौघांत, त्याला काही फरक पडत नाही. अशा वाक्यांत अनुभव घेणारा माणूस चतुर्थी विभक्तीत जातो, ‘ला’ लावून बाजूला बसतो.

काही वाक्यांत तर आंबाही नसतो. ‘मला मळमळतं.’ कोण मळमळतं? काय मळमळतं? विचारून उपयोग नाही. शाळेच्या व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात: क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता. उजाडलं, सांजावलं, गडगडतं ही त्याच घरातली. कर्ता नसला तरी क्रियापदाला कुठलं तरी रूप घ्यावंच लागतं. मराठीत ते तृतीयपुरुषी नपुंसक एकवचन असतं.

‘मिथिंक्स’मध्ये हेच घडलंय. ‘मी’ म्हणजे ‘मला’, तो कर्ता नाही. क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात आहे, आणि इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनाची खूण तो ‘स’. भाचीला खटकलेल्या दोन्ही गोष्टी एकमेकींना अगदी बरोबर जुळतात.

शेक्सपियरच्या आधी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, चॉसर या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये हे रूप ‘मी थिंकेथ’ असं येतं. प्रस्तावनेत कथेकरी म्हणतो की प्रत्येक प्रवासी कसा आहे ते आधी सांगणं मला रास्त वाटतं: ‘मी थिंकेथ इट अकॉर्डंट टू रीझन.’ १६११ च्या इंग्रजी बायबलातही बुरुजावरचा पहारेकरी म्हणतो, ‘मी थिंकेथ’, मला वाटतं, पुढे धावणाऱ्याची चाल सादोकाचा मुलगा अहीमास याच्यासारखी आहे. शेवटचा ‘थ’ हा त्या ‘स’चा दक्षिण इंग्लंडातला जुना भाऊ. पुढे उत्तरेकडचा ‘स’ सगळीकडे पसरला. हा ‘थ’ आणि संस्कृतातल्या ‘भवति’, ‘वदति’मधला ‘ति’ एकाच प्राचीन प्रत्ययापासून निघाले आहेत.

## दोन क्रियापदं, एक उच्चार

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडतो तो हा भाग.

सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, म्हणजे अभ्यासक जिला जुनी इंग्रजी म्हणतात तिच्यात, दोन वेगळी क्रियापदं होती. उच्चार अंदाजे ‘थेंचान’ आणि ‘थ्युंचान’. पहिल्याचा अर्थ विचार करणे. दुसऱ्याचा अर्थ वाटणे, भासणे. पहिल्याबरोबर आपला ‘मी’ यायचा, दुसऱ्याबरोबर ‘मला’. भूतकाळही वेगळे होते: पहिल्याचा ‘थोहते’, दुसऱ्याचा ‘थूहते’. म्हणजे ‘मी विचार करतो’ आणि ‘मला वाटतं’ हा जो फरक आपण न शिकता करतो, तोच तेव्हा इंग्रज शेतकरीही करत होता. जर्मनमध्ये ही जोडी अजून आहे. विचार करण्याला ‘डेंकेन’, वाटण्याला ‘ड्युंकेन’. यातलं दुसरं आता पुस्तकी झालंय, एवढंच.

पुढे उच्चार सरकले. ‘थ्युं’मधला स्वर ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटल्यासारखा होता. चंबू सुटला आणि उरला साधा ‘इ’. तिकडे ‘थें’मधला ‘ए’ही पुढच्या अनुनासिकाच्या ओढीने ‘इ’कडे झुकला. ‘इंग्लंड’ हे नाव इंग्रजीत ‘ए’ने लिहून ‘इ’ने उच्चारतात, तिथेही ‘ए’ अशाच जागी ‘इ’ झाला आहे. दोन्ही क्रियापदं ‘थिंक’ या एकाच उच्चारावर येऊन थांबली. भूतकाळही मिसळून दोन्हींचा ‘थॉट’ झाला.

असं झाल्यावर लोकांना कळायचं कसं? त्यासाठी आपलंच ‘वाटणे’ बघा. मी चटणी वाटते. मी पेढे वाटते. मला वाटतं. उच्चार तोच, अर्थ तीन. पण कोणी कधी गोंधळलेलं पाहिलंय? तिसऱ्या वाक्यात ‘मला’ आहे आणि तेवढी खूण पुरते. इंग्रजीतही काही शतकं तेवढ्याच खुणेवर भागलं: ‘आय’ असेल तर विचार करणं, इंग्रजी ‘मी’ असेल तर वाटणं.

आज मात्र ‘आय थिंक’ हे दोन्हींचं काम करतं, आणि त्याचा त्रास आपल्याला होतो. घाईने भाषांतर केलेल्या मजकुरात ‘मी विचार करतो की उद्या पाऊस पडेल’ अशी वाक्यं वाचली असतील. कोणीही मराठी माणूस असं बोलत नाही. पावसाबद्दल विचार करायचा नसतो, आपल्याला वाटत असतं. इंग्रजीने हा भेद स्वतःपुरता पुसला म्हणून आपणही पुसावा, हे मला अजिबात पटत नाही.

## ‘ला’ गळून पडला तर

इंग्रजीने भेद पुसला तो ठरवून नाही. तिचे विभक्तिप्रत्यय झिजले.

जुन्या इंग्रजीत नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत. राजा, राजाचा, राजाला अशी रूपं होत. पण उच्चाराचा जोर शब्दाच्या सुरुवातीला असायचा, त्यामुळे शेवटची अक्षरं तोंडातल्या तोंडात विरू लागली. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकला त्याच्या आधीच ही झीज सुरू झाली होती. पुढच्या दोन-तीन शतकांत नामांची चतुर्थी जवळजवळ संपली.

ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने याचा परिणाम दाखवण्यासाठी एक वाक्य रचलं होतं. राजाला पेअर ही फळं आवडली, असं ते वाक्य. पेअरऐवजी आपण आंबे घेऊ. ‘राजाला आंबे आवडले.’ क्रियापद बहुवचनी, कारण आंबे अनेक.

आता ‘ला’ काढून टाका. ‘राजा आंबे आवडले.’ अर्थ अजून लागतो, कारण ‘आवडले’ आंब्यांकडे बोट दाखवतंय. मग क्रियापदाचीही टोकं झिजली आणि भूतकाळात एकवचन-बहुवचन सारखंच ऐकू येऊ लागलं. बोट दाखवणारं कोणी उरलं नाही. त्याच काळात इंग्रजी वाक्यात पहिली जागा कर्त्याची, असा रिवाज पक्का होत होता. पहिल्या जागी बसलाय राजा. नव्या पिढीने ऐकलं आणि सरळ अर्थ लावला की राजाच कर्ता. म्हणून राजाच्या जागी सर्वनाम घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘त्याला’ न म्हणता ‘तो’ म्हटलं. ‘तो आंबे आवडला.’

आपल्या कानाला हे भयंकर लागतं. पण इंग्रजीतलं ‘ही लाइक्ट’ अगदी तेच आहे. ‘लाइक’चा जुना अर्थ ‘आवडून घेणे’ असा नव्हताच. तो होता ‘रुचणे, भावणे’. फळ राजाला भावायचं. वाक्य आतून फिरलं आणि त्याबरोबर क्रियापदाचा अर्थही फिरला. नंतरच्या अभ्यासकांनी येस्पर्सनच्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या. सर्वनामांत ‘त्याला’ आणि ‘तो’ हा फरक शाबूत असताना बदल इतका सरळ कसा होईल, हा त्यांचा मुख्य प्रश्न. तो योग्यच आहे. चॉसरच्या काळात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदत होत्या, म्हणजे बदल एका झटक्यात झाला नाही. पण मुख्य कारण प्रत्ययांची झीज, हे सहसा मान्य केलं जातं.

एकटं ‘लाइक’ नव्हे. भूक लागणं, तहान लागणं, स्वप्न पडणं, पश्चात्ताप होणं, इच्छा होणं, सगळी क्रियापदं पूर्वी ‘मला’बरोबर चालत आणि एकेक करून आपल्या ‘मी’कडे, म्हणजे ‘आय’कडे गेली.

## मग ‘मिथिंक्स’च का वाचला?

सतत तोंडात असल्यामुळे.

मत सांगताना माणूस ‘मला वाटतं’ किती वेळा म्हणतो, दिवसभर मोजून पाहावं. जो शब्दसमूह इतका घासला जातो त्याचे तुकडे एकमेकांना चिकटतात. ‘मी’ आणि ‘थिंक्स’ जोडून लिहू लागले आणि एकदा जोडशब्द झाल्यावर आत कोणती विभक्ती आहे याची चौकशी कोणी करेना. चॉसरकडे ‘त्याला वाटलं’, ‘तिला वाटलं’ अशीही रूपं सापडतात. ती गेली. ‘मला’वालं तेवढं टिकलं.

त्याची जागाही बदलली. राणीच्या वाक्यात ते अगदी शेवटी आहे, स्वल्पविरामानंतर. मुख्य विधान करून झालंय आणि ‘मिथिंक्स’ फक्त त्याची धार थोडी बोथट करतंय. मराठीत ‘आज पाऊस येणार वाटतं’, ‘तो गेला वाटतं’ असं आपण म्हणतो. इथे ‘मला’सुद्धा नाही. ‘वाटतं’ क्रियापद राहिलेलं नाही, ते ‘बहुधा’सारखं अव्यय व्हायला निघालंय. ‘म्हणे’ तर त्या वाटेवर केव्हाच पुढे गेलं. ‘तो गेला म्हणे’ यात कोण म्हणतं, हे विचारायचं नसतं.

जुन्या पद्धतीचे आणखी थोडे अवशेष आजच्या इंग्रजीत सापडतात. ‘वो इज मी’ हा विलाप घ्या. शब्दशः पाहिलं तर ‘दुःख म्हणजे मी’ असा विचित्र अर्थ निघतो. खरा अर्थ ‘दुःख आहे मला’. ‘इफ यू प्लीज’ म्हणजे मुळात ‘तुम्हाला रुचत असेल तर’. त्यातलं ‘यू’ आधी ‘तुम्हाला’ होतं. ‘तुम्ही’साठी ‘यी’ हा वेगळा शब्द होता.

आणि भासण्याचा मूळ अर्थ? तो ‘सीम’ या क्रियापदाकडे गेला. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात स्कँडिनेव्हियातले लोक वसले, त्यांच्या भाषेतून आलेलं हे क्रियापद. ‘इट सीम्स टू मी’ यात प्रत्ययाची जागा ‘टू’ने घेतली आणि रिकाम्या कर्त्याच्या जागी ‘इट’ बसवला. घर तेच, फक्त भाडेकरू बदलले.

## शेक्सपियरला हे ठाऊक होतं का?

तो शब्द वापरत होता, पण त्यातलं व्याकरण त्याच्या काळात धूसर झालं असावं. याला पुरावा आहे. ‘मिथिंक्स’चा भूतकाळ ‘मिथॉट’. भूतकाळी रूपाला इंग्रजीत ‘स’ लागत नाही. तरीही ‘द विंटर्स टेल’मध्ये राजा लिऑन्टीज मुलाकडे पाहून स्वतःचं बालपण आठवतो तेव्हा ‘मिथॉट्स’ म्हणतो. हा ‘स’ ‘मिथिंक्स’कडे बघून चिकटवलेला आहे. ज्याला आतला जोड अजून दिसतो तो असं करणार नाही. शब्द एकसंध गोळा झाला होता याची ही खूण.

पण अर्थाची जाण मात्र पक्की होती. मॅकबेथ खून करून येतो आणि म्हणतो, मला वाटलं, एक आवाज ओरडला, झोप संपली. तिथे ‘मिथॉट’ आहे. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला विणकर बॉटम जागा होऊन चाचपडत सांगतो, मला वाटलं मी अमुक होतो, मला वाटलं माझ्याकडे तमुक होतं. तिथेही ‘मिथॉट’. मिल्टन आपल्या दिवंगत पत्नीला स्वप्नात पाहतो, त्या सुनीताची सुरुवातच या शब्दाने होते. आभास, स्वप्न, नजरेचा धोका. ‘आय थॉट’ म्हटलं असतं तर ते डोकं चालवण्याचं काम झालं असतं. या माणसांनी काही केलं नाही, त्यांना काहीतरी झालं.

## मग हे आपल्याकडून तिकडे गेलं का?

नाही. असे दावे हल्ली फार लवकर पसरतात, म्हणून स्पष्ट लिहिते. मराठी आणि इंग्रजी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत, पण इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही. दोघी दूरच्या बहिणी आहेत. आणि अनुभव घेणाऱ्याला बाजूला बसवण्याची पद्धत फक्त याच कुळाची मिरासही नाही. कन्नडमध्ये ‘ननगे अनिसुत्तदे’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘मला वाटतं’, आणि कन्नड द्राविड कुळातली. कोकणीत ‘म्हाका दिसता’, हिंदीत ‘मुझे लगता है’, तिकडे रशियनमध्ये ‘म्न्ये काझेत्स्या’. आईसलँडमध्ये, जिथली भाषा इंग्रजीच्या जवळची, आजही ‘मेर फिन्स्ट’ म्हणजे ‘मला वाटतं’ असंच बोलतात.

आपल्याकडे मात्र या रचनेची नोंद फार जुनी आहे. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त सूत्र आहे, ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (१.४.३३). रुचणे या अर्थाच्या क्रियापदांबरोबर ज्याला ती गोष्ट रुचते तो संप्रदान, म्हणजे चतुर्थीचा धनी. परंपरेने दिलेलं उदाहरण: ‘देवदत्ताय रोचते मोदकः.’ देवदत्ताला मोदक रुचतो. कर्ता मोदक. येस्पर्सनच्या राजाची पेअर आणि देवदत्ताचा मोदक एकाच ताटात वाढायला हवेत.

## पूर्वीचे इंग्रज जास्त नम्र होते?

हा प्रश्न भाचीने विचारला. पूर्वी माणूस स्वतःला कर्ता समजत नव्हता, पुढे अहंकार वाढला आणि ‘मला वाटतं’चं ‘मी समजतो’ झालं, असं काही असेल का? कल्पना मोहक आहे. मला ती पटत नाही. ज्या इंग्रजीत ‘मला वाटतं’ होतं त्याच इंग्रजीत ‘मी विचार करतो’ही होतं. लोक जागा ओळखून दोन्ही वापरत. आणि आईसलँडच्या माणसाने रचना टिकवली ती नम्रतेमुळे नाही, त्याच्या भाषेचे विभक्तिप्रत्यय टिकले म्हणून. शेवटची अक्षरं झिजली की व्याकरण बदलतं. त्यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही.

भाचीला मग मी आणखी एक जुनं वाक्य दाखवलं. इटलीच्या उत्तर भागात व्हेर्चेली नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं जुन्या इंग्रजीतलं एक हस्तलिखित आहे. त्यात ‘क्रुसाचं स्वप्न’ ही कविता आहे. सुरुवातीच्या ओळींत कवी स्वतःसाठी चार वेळा सर्वनाम वापरतो: इच, मे, मे, इच. ‘इच’ म्हणजे आपला ‘मी’, ‘मे’ म्हणजे ‘मला’. आजचा इंग्रज भाषांतरकार यातला पहिला ‘मे’ सहसा मोडतो आणि ‘आय ड्रेम्ट’ लिहितो, कारण त्याच्या भाषेत स्वप्न पडत नाही, ते माणसाला पाहावं लागतं. भाचीने वहीत मराठी केलं तेव्हा चारही सर्वनामं जागच्या जागी राहिली:

‘ऐका, स्वप्नांत श्रेष्ठ असं एक स्वप्न मी सांगणार आहे, जे मध्यरात्री मला पडलं, सगळी माणसं निजलेली असताना. मला वाटलं, मी एक अद्भुत झाड पाहिलं, आकाशात उंच गेलेलं, उजेडाने वेढलेलं.’